भुतांचा अनुशेष

भयपटांचा नाद असलेल्या नांदेडच्या माणसाला एकच जुनी तक्रार आहे: आपली भुतं शिकली, मोठी झाली आणि हिंदीत कामाला लागली. ‘मुंज्या’ कोकणातला, बोलला हिंदीत. ‘लपाछपी’ मराठीत आला 2017 साली; चार वर्षांत त्याच दिग्दर्शकानं त्याचा ‘छोरी’ केला. उसाचा फड तेवढा सोबत नेला. नवा भयपट जाहीर झाला की आम्ही आधी गाव बघतो. कोकण, नाहीतर वाडा. विकासाच्या अनुशेषात मराठवाड्याचा भुतांचा कोटाही अडकलाय बहुतेक.

‘तुंबाड’ सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला, तेव्हा लातूरच्या मित्राला घेऊन गेलो. पडद्यावर पाऊस धो धो कोसळतोय, वाडा गळतोय, हस्तर अजून यायचाय. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. हा कानाशी पुटपुटला, “किती पानी वाया चाललंय बघ की बे!”

त्याचं तरी काय चुकलं? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, तेव्हा हा घागर घेऊन टँकरच्या रांगेत होता. त्याला गर्भगृहातल्या राक्षसाचं काय कौतुक!

आता ‘तुंबाड’चा दुसरा भाग जाहीर झालाय. मित्राची एकच चौकशी: त्यातही पाऊस आहे का? असला तर तो घरून बादली आणणार आहे.