न वाचता कसे विचारावे

प्रोग्रामिंगच्या ग्रुपमध्ये नव्याने येणाऱ्यांना कुणीतरी भरवून दिलेले असते की आधी डॉक्युमेंटेशन वाचावे, मग प्रश्न विचारावा. वाचणाऱ्याला बहुधा प्रश्नच उरत नाही. मग ग्रुप चालायचा कसा? ग्रुपच्या दीर्घायुष्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

पहिला मेसेज फक्त 'सर' असावा. मग थांबावे. कुणी 'बोला' म्हटले की 'एक डाउट होता' असे लिहून पुन्हा थांबावे. 'अहो, विचारा ना!' असे आले की चहा घेऊन यावा आणि मग लिहावे: 'कोड चालत नाहीये, अर्जंट आहे.' कोणता कोड, कशावर, काय केल्यावर, हे ओळखणे जाणकारांचे काम. उगाच का जाणकार म्हणवतात!

एरर आल्यास ती कॉपी-पेस्ट करू नये. कुणी ती सर्चमध्ये टाकून दोन मिनिटांत उत्तर शोधेल. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढावा, जरा तिरपा, ट्यूबलाइटची रेघ नेमकी मजकुरावर येईल असा. पायथनवाल्यांनी विशेष दक्षता घ्यावी. पायथन सगळी हकीकत वरून खाली सांगत येतो आणि खरे दुखणे शेवटच्या ओळीत लिहितो. सर्वांत अलीकडचा कॉल शेवटी आहे, अशी सूचनाही सुरुवातीलाच देतो. त्या शेवटच्या ओळीत बिचाऱ्याने स्वच्छ लिहिलेले असते की अमुक नावाचे मॉड्यूल सापडले नाही. म्हणून फोटो वरच्या अर्ध्या भागाचाच घ्यावा.

'विम एडिटरमधून बाहेर कसे पडायचे?' हा या शास्त्रातला अभिजात प्रश्न. स्टॅक ओव्हरफ्लोवर तो २०१२ साली विचारला गेला आणि २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. नुसते विम उघडले तर पहिल्याच पडद्यावर उत्तर असते: कोलन, क्यू, एंटर. इथे मात्र विचारणाऱ्याची बाजू थोडी घ्यावीच लागते. विममध्ये स्वखुशीने जातो कोण? कमिट करताना संदेश द्यायचा राहिला की अनेक मशीनवर गिटच माणसाला तिथे नेऊन सोडते, आणि अशा मागच्या दाराने आलेल्याला स्वागताचा पडदा दिसत नाही. तरी घाबरून कंट्रोल-सी दाबले, तर विम तळाशी बाहेरची वाट लिहून दाखवते. सबब, तळाशी पाहू नये.

जुन्या लोकांचे दाखले कुणी देऊ लागल्यास गप्प बसू नये. युनिक्सचे पहिले मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चे. त्यात आज्ञेच्या माहितीखाली तिच्यातले ज्ञात दोष दिलेले असत, आणि त्याखाली मालकाचे नाव, म्हणजे शंका कुणाला विचारायची तेही. पण कुणाला विचारायचे हे कळायलाही मॅन्युअलच वाचायचे? हा शुद्ध कावा आहे.

प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावर एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी लांबलचक निबंध लिहिला आहे. तो तर मुळीच वाचू नये. 'आम्ही तुमच्या प्रोजेक्टचे मदतकेंद्र नाही' अशी सूचना त्यांना सुरुवातीलाच टाकावी लागली, कारण लोक निबंध सोडून त्यांनाच प्रश्न पाठवू लागले. आपल्या संप्रदायाचे याहून मोठे यश कोणते?

कुणी डॉक्युमेंटेशनची लिंक दिली, तर 'ते वाचलंय, तुम्ही सांगा ना' असे लिहावे. लिंक मात्र उघडू नये. चुकून नजर पडते.

शेवटी उत्तर मिळाले की 'झालं सर, थँक्स' एवढेच लिहावे आणि मूळ प्रश्न डिलीट करावा. कसे झाले ते चुकूनही सांगू नये. सांगितलेत तर तेही डॉक्युमेंटेशनच व्हायचे, आणि ते न वाचण्याचे काम पुढच्यांच्या अंगावर पडायचे.