कुळवृत्तांत सर्व्हरवर चढवण्याचा विधी

प्रस्तुत मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. ज्याने पायथन शिकून, जँगो वापरून स्वतःच्या लॅपटॉपवर एक वेबसाइट चालवून दाखवली आहे आणि आता ती नुसती ‘वर टाकायची’ राहिली आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो नवशिका. वयाची अट नाही. समजा, एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, नर्मदा परिक्रमा करतात. यांनी यूट्यूबवर पायथन शिकून घराण्याच्या कुळवृत्तांताची वेबसाइट केली. छापील कुळवृत्तांत त्यांच्या कपाटात आहेच, पण त्यात नातवंडांची पिढी नाही आणि सुनांची माहेरची नावं अर्धवट आहेत, ही त्यांची जुनी तक्रार. हे गृहस्थ पूर्णपणे काल्पनिक आहेत. माझी थोरली बहीण त्यांच्या घरी राहते, हा निव्वळ योगायोग समजावा.

नियम पहिला. वेबसाइट चढण्याआधी ती चढल्याचं नातेवाइकांना कळवू नये.

काल्पनिक गृहस्थांनी लॅपटॉपवर साइट उघडलेली पाहिली, वरच्या पट्टीतला पत्ता उचलला आणि ‘समस्त कुलबांधव’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पत्ता होता १२७.०.०.१, पुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि ८०००. जाणकार इथे हसतील. इतरांसाठी खुलासा: १२७.०.०.१ म्हणजे ज्या यंत्रावर आपण तो टाइप करतो, ते यंत्र स्वतः. नागपूरच्या आत्यांनी दुव्यावर बोट ठेवलं तेव्हा त्यांच्या फोनने स्वतःलाच विचारलं की कुळवृत्तांत आपल्याकडे आहे का. नव्हता. आत्या म्हणाल्या, “उघडत नाही रे.” एका चुलतभावाने मात्र लगेच लिहिलं, “अप्रतिम झाली आहे! मांडणी विशेष आवडली.” कुलबांधवांच्या अभिप्रायांचं पुढे काय करायचं, हे त्याच क्षणी ठरून गेलं.

८००० हा जँगोच्या ‘रनसर्व्हर’चा दरवाजा. हा रनसर्व्हर फक्त लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. तो जगासमोर ठेवू नका, असं जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलेलं आहे. खऱ्या सर्व्हरवर गनिकॉर्नसारखा दणकट प्रोग्रॅम लागतो. तो आणि आपला पायथन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा करार डब्ल्यूएसजीआय या नावाने २००३ मध्ये लिहिला गेला. गनिकॉर्नला पत्ता देताना १२७.०.०.१ न देता ०.०.०.० द्यावा, आणि दरवाज्याचा क्रमांक होस्टिंगवाले सांगतील तो. आपला ८००० चा हट्ट तिथे चालत नाही.

नियम दुसरा. घरात संगणक क्षेत्रातलं कोणी असेल तर त्याला विचारू नये.

गृहस्थांचा मुलगा बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे. त्याचं उत्तर ठरलेलं: “बाबा, पाच मिनिटांचं काम आहे.” मग डॉकर, मग कुबरनेटीस, मग “मी मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू.” रात्र येते, तो येत नाही. खरी गोष्ट अशी की या पोराने आयुष्यात स्वतःच्या हाताने काही वर टाकलेलं नाही. त्यांच्या कंपनीत त्यासाठी वेगळी टीम आहे. हा फक्त एक बटण दाबतो आणि चहाला जातो. पाच मिनिटं ती तेवढीच. ज्याला विचारावं त्याने “कुठे अडलंय? काय लिहून आलंय?” असं उलट विचारलं तर तो माणूस कामाचा. “सोपं आहे” म्हणाला तर फोन ठेवून द्यावा.

मुलगा मीटिंगमध्ये असला की मामाला फोन लावतात. तो मामा मी. तेव्हा यापुढे गृहस्थांना दाजी म्हणायला हरकत नाही.

नियम तिसरा. व्हिडिओ बघण्याआधी त्याची तारीख बघावी. हेरोकूची फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली. त्यावर साइट फुकट चढवून दाखवणारे हसतमुख तरुण यूट्यूबवर अजून शिकवत बसले आहेत.

नियम चौथा हा यादीचा. आपल्या साइटला कोणकोणती पायथन पॅकेजं लागतात ते रिक्वायरमेंट्स नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. ‘पिप फ्रीझ’ असा हुकूम सोडला की यादी आपोआप निघते. पण साइटसाठी वेगळं आभासी वातावरण, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, केलेलं नसेल तर ती यादी म्हणजे घर बदलताना माळ्यावरचं सगळं टेम्पोत भरण्याचा प्रकार होतो. दाजींच्या यादीत जँगो होतं, फोटोंसाठी पिलो होतं, शिवाय शेअर बाजाराचे आलेख काढणारं काहीतरी होतं, ज्युपिटर होतं आणि पायविन३२ होतं. हे शेवटचं फक्त विंडोजवर चालतं. सर्व्हर लिनक्सचा. तो त्या ओळीपर्यंत आला आणि थांबला.

“नको ते काढून टाका,” मी म्हणालो.

“नोंद झालेली आहे,” दाजी म्हणाले. “काढायची कशी?”

तीस-पस्तीस वर्षं खतावणीत घालवलेल्या माणसाशी या मुद्द्यावर वाद घालू नये. नवं आभासी वातावरण करावं, त्यात साइटला लागेल तेवढंच बसवावं आणि नवी यादी काढावी. जुनी यादी दाजींनी ‘रद्द’ असं नाव देऊन जपून ठेवली आहे.

नियम पाचवा. याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण यात माझी संध्याकाळ जाते.

चूक झाली की संगणक ती लिहून सांगतो. जे लिहून आलं ते निवडावं, कॉपी करावं आणि मजकूर म्हणून पाठवावं. पडद्याचा मोबाइलने फोटो काढू नये. काढलाच तर सरळ काढावा. ट्यूबलाइट मधोमध येऊ देऊ नये. आपल्या अंगठ्याला त्यात स्थान देऊ नये. आणि काहीही झालं तरी खालची ओळ कापू नये! पायथनचा ट्रेसबॅक वरून सुरू होतो तेव्हा पहिल्याच ओळीत सांगतो की सगळ्यात अलीकडची गोष्ट शेवटी आहे. म्हणजे दुखतंय कुठे हे तळाशी लिहिलेलं असतं. वरच्या सगळ्या ओळी तिथपर्यंतचा रस्ता. नवशिका वरून वाचायला लागतो, तिसऱ्या ओळीला घाबरतो आणि फोटो काढतो. दाजींच्या त्या फोटोत ट्रेसबॅकच्या सगळ्या ओळी होत्या, कोपऱ्यात ताईने ठेवलेला चहा होता. फक्त शेवटची ओळ नव्हती. त्या ओळीत जँगोने साध्या भाषेत लिहिलं होतं की अमुक पत्ता ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत घालावा लागेल. नेमका पत्ताही दिला होता. उत्तर हातात घेऊन माणूस पडद्यात उभा होता आणि आम्ही दोघं फोनवर चहाकडे बघत होतो.

मी जरा आवाज चढवला असेन. दाजी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी एक वही घातली. लांब, पुठ्ठ्याची. रकाने आखले: दिनांक, चुकीची शेवटची ओळ जशीच्या तशी, कारण, उपाय, आणि सही. आता फोन येतो तेव्हा ते शेवटची ओळ वाचून दाखवतात, आणि बऱ्याचदा वाचता वाचता स्वतःच म्हणतात, “थांब, कळलं.” संगणकातल्या माणसांच्या टेबलावर मी अशी वही कधी पाहिलेली नाही. नवशिक्याने या लेखातलं बाकी सगळं विसरावं, वही घालावी.

नियम सहावा. फाइलींची नावं छोट्या लिपीत ठेवावीत. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नाही, लिनक्सला आहे. खापरपणजोबांचा फोटो कॅमेऱ्यातून कॅपिटल अक्षरांचं शेपूट घेऊन आला होता आणि पानावर स्मॉल लिहिलं होतं. लॅपटॉपवर खापरपणजोबा दिसत, सर्व्हरवर त्यांच्या जागी फाटक्या कागदाचं चित्र. ज्यांच्या लिपीत ही भानगडच नाही त्यांना हे पटवणं कठीण जातं.

नियम सातवा. साइटचे कपडे वेगळे न्यावे लागतात. रंग, अक्षरं, मांडणी, म्हणजे सीएसएस, लॅपटॉपवर रनसर्व्हर गुपचूप पुरवत असतो. गनिकॉर्न ते काम करत नाही. म्हणून पहिल्यांदा साइट उघडते तेव्हा पांढऱ्या पानावर निळ्या दुव्यांची रांग दिसते. घाबरू नये. ‘स्टॅटिक रूट’ला जागा नेमून द्यावी, कलेक्टस्टॅटिक चालवावं, व्हाइटनॉइज बसवावं. सेटिंग्जमधलं डीबग त्याच वेळी बंद करावं; ते चालू राहिलं तर चूक झाल्यावर आपला आतला कोड, फाइलींचे रस्ते, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.

नियम आठवा. पासवर्ड आणि सीक्रेट की कोडमध्ये लिहू नये, गिटहबवर तर नाहीच. एकदा गेली की नंतर पुसून उपयोग नाही, जुन्या इतिहासात ती राहते. नवीच करावी लागते. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावी. या एका बाबतीत दाजींना मला काहीही शिकवावं लागलं नाही. उलट डेटाबेस जोडला जाईना तेव्हा मी विचारलं, “पासवर्डच्या जागी नेमकं काय टाकलंय?” तर उत्तर आलं, “ते सांगता येणार नाही.” पासवर्डच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती, हे त्यांचं त्यांनाच शोधावं लागलं. वहीत कारण लिहिलं आहे. पासवर्डच्या जागी फुल्या आहेत.

नियम नववा. सर्व्हरच्या डिस्कवर विश्वास ठेवू नये. बऱ्याच होस्टिंग सेवांमध्ये नवा कोड चढवला की जुनी डिस्क पुसली जाते आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात होते. जँगो सुरुवातीला जो एसक्यूलाइट डेटाबेस देतो, ती त्याच डिस्कवरची एक साधी फाइल. दाजींनी साइटवर बसून रत्नागिरीची शाखा भरली, सगळी, दत्तक गेलेल्यांसकट. मग पानाच्या तळाशी एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि साइट पुन्हा चढवली. शाखा निर्वंश. मला फोन करताना त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि मला काय बोलावं सुचेना. ते म्हणाले, “कागदावर आहे सगळं. पोस्टग्रेस कसं जोडायचं तेवढं सांग.” डेटाबेस वेगळा, कायमचा घ्यावा, आठवड्याला त्याची प्रत उतरवून घरी ठेवावी. अपलोड केलेल्या फोटोंनाही हाच न्याय.

नियम दहावा. घड्याळ तपासावं. मुखपृष्ठावर ‘आजचे वाढदिवस’ असा चौकोन आहे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्यात कालचे वाढदिवस दिसत. कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, पण दाजी साडेचारला उठतात. नव्या जँगो प्रकल्पात वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. विंडोजवर तारीख लॅपटॉपच्या घड्याळातून आली, म्हणून तिथे कधी बिघडलं नाही. लिनक्सवर जँगो स्वतःची वेळ लादतो. “यूटीसी नको,” म्हणून दाजींनी ती ओळच खोडली. आता जँगोचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. २००५ मध्ये तो जगाला खुला झाला, पण वेळेची ओळ नसेल तर आजही तो शिकागोची वेळ धरतो, जी त्याच्या गावचीही वेळ. कुलबांधवांचे वाढदिवस सकाळी उशिरापर्यंत कॅन्ससच्या हिशेबाने साजरे होऊ लागले. ओळ खोडू नये. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहावं.

नियम अकरावा. शुक्रवारी संध्याकाळी काही चढवू नये. ताईचे पाहुणे येतात.

याप्रमाणे विधी केल्यास वेबसाइट चढते. दाजींची चढली. खरा पत्ता ग्रुपवर गेला आणि नागपूरच्या आत्यांच्या फोनवर ती उघडलीसुद्धा. फुकट योजनेतली साइट कोणी फिरकलं नाही की झोपी जाते, म्हणून पहिल्या खेपेला जरा वाट पाहावी लागली, पण त्या थांबल्या. चुलतभावाने पुन्हा मांडणीचं कौतुक केलं. मग एकेक करून सगळ्यांनी एकच मागणी केली: “याची पीडीएफ टाका ना ग्रुपवर.”

दाजींनी त्याच रात्री ‘पीडीएफ उतरवा’ असं बटण केलं. लॅपटॉपवर ते उत्तम चालतं. सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच बसवलेला नसल्यामुळे तिथून निघालेल्या पीडीएफमध्ये मूळ पुरुषापासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या नावाच्या जागी चौकोन आले आहेत. हे मी आत्ताच पाहिलं. दाजींना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं जेवण होऊ दे.