सात पुडे क्षमा

आमच्या चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचा मी यंदा प्रमुख झालो तो निव्वळ गैरसमजाने. पंचकमिटीच्या सभेत वीज गेली, वारा घ्यायला म्हणून मी वही उचलली आणि पाळकसाहेबांना वाटलं, मी हात वर केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर हात खाली घेता येत नाही.

गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, म्हणून शाळा सकाळी सात ते दहा. दहानंतर मुलं कोमेजतात आणि शिक्षक भांडतात. खरी अडचण मुलं गोळा करण्याची. आपली मुलं मामाच्या गावाला गेलेली, मग इतरांचे भाचे जमवायचे. चाळिसातली पंचवीस नावं पाहुण्यांची होती. थोडक्यात, ही शाळा चालते ती मंडळीतल्या मामांच्या जिवावर.

पहिल्याच बैठकीत मी थोडा इतिहास सांगितला. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी अशी शाळा भरवली. जागा म्हणून चक्क बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. महिला मंडळाच्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू यंदाचा सगळा मोह मीच गाळून प्यायलो होतो. नंतर मी इतिहास आवरला आणि फुटाण्यांच्या हिशेबाकडे वळलो.

शहरातून आलेल्या मार्गदर्शक पुस्तकात यंदाचा विषय होता ‘समुद्रसफर’. आता गोंदियाहून समुद्र गाठायचा तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र काढावी लागते. तरी आम्ही भिंतीला निळा कागद लावला आणि मुलांना म्हटलं, काढा रे समुद्र. तासाभरात त्यात कमळं उगवली, शिंगाड्याचे वेल पसरले आणि एका कोपऱ्यात नवेगावबांध तलावाची पाटी लागली. देवमासा काढला होता, पण त्याला मिशा होत्या.

उद्घाटनाचं पाळकसाहेबांचं भाषण ठरलेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक राजनांदगावला निघाले असता डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपूरहून राजनांदगावची गाडी गोंदियावरूनच जाते, हे साहेब इतक्या अभिमानाने सांगतात, की टिळकांना इथला चहा त्यांनीच पाजला असावा. माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. त्या गोऱ्या साहेबाला श्रोता एकच, तोही धावत्या गाडीतला, उठून पळू न शकणारा. माझ्यापुढे चाळीस होते आणि हॉलला तीन दारं.

नोहाच्या गोष्टीला मुलं जरा बसली. प्राणी जोडीजोडीने तारवात शिरले म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, सारसाला जोडीने या म्हणून सांगावंच लागलं नसेल, तो एरवीही जोडीनेच फिरतो. मी मान डोलावली. चाळीस दिवस पाऊस पडला म्हटल्यावर मात्र मागून एक चिंतातुर आवाज आला, “मग नोहाच्या धानाचे पऱ्हे सडले असतीन ना जी, सर?”

हा देवरीकडचा भाचा. एरवी या दिवसांत तो आजीबरोबर अंधारातच तेंदूपत्ता तोडायला निघे. त्यामुळे सातची शाळा म्हणजे त्याला उशिरापर्यंत लोळणं वाटत होतं. चौथ्या दिवशी धडा होता क्षमेचा. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्र विचारतो. सात नव्हे, साताच्या सत्तर पट, असं येशू सांगतो. मी फळ्यावर ७० गुणिले ७ मांडलं आणि मुलांकडे वळलो. शहरातली पोरं बोटं मोजू लागली. हा म्हणाला, “सात पुडे होतेत जी.”

आमच्याकडे तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. हाताळता येईल अशी क्षमा मी पहिल्यांदाच पाहत होतो. खूश होऊन मी त्याला जास्तीचे फुटाणे दिले आणि तिथेच चुकलो. कारण त्याने मोजणीचं काम मनावर घेतलं.

पाचव्या दिवशी कुणी तरी शरबताच्या पिंपात चप्पल बुडवली. मी ओरडलो, मग क्षमा केली. देवरीच्या भाच्याने वहीत रेघ ओढली. तबला फुटला, रेघ. दोन भाच्यांनी भिंतीवरचा समुद्र फाडून होड्या केल्या, रेघ. खाऊच्या बिलावरून कोषाध्यक्ष आणि माझ्यात बाचाबाची झाली, तेव्हा तो दारात पेन्सिल घेऊन उभाच होता.

समारोपाला पाळकसाहेबांनी शाळा अत्यंत यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. मी खुर्चीत कोसळलो होतो. भाचा वही घेऊन आला.

“चव्वेचाळीस झाले जी, सर. पहिल्याच पुड्यात सव्वीस पानं बाकी हायेत.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडी कोसळल्याचा आवाज आला. त्याने पेन्सिल जिभेला लावली.