माय लॉर्डांचा उमेदवार

लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत बहुतेक मुलांचं पुढे काय व्हायचं ते ठरलेलं असतं. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची वकिली आहे तो काळा कोट शिवायला टाकतो. जिला मुंबईच्या लॉ फर्मने उचललंय ती लोअर परळच्या आसपास पीजी शोधायला लागते. काही जण जेएमएफसीच्या, म्हणजे न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या, क्लासचे पैसे भरून मोकळे होतात. उरतो तो एक. तो सनदेबद्दल बोलत नाही, पगाराबद्दल बोलत नाही. "पुढे काय रे?" असं विचारलं की चष्मा वर सरकवतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो, "चेंबर्सना अप्लाय करतोय."

चेंबर्स म्हणजे न्यायमूर्तींचं दालन. तिथे लॉ क्लार्क म्हणून वर्षभर बसायचं, उद्याच्या बोर्डावरच्या प्रकरणांच्या फायली आज रात्री वाचायच्या, दोन पानांचं टिपण करून साहेबांपुढे ठेवायचं, जुने निवाडे हुडकायचे, निकालाच्या मसुद्यातले दाखले बरोबर आहेत का ते तपासायचं. सर्वोच्च न्यायालयात यासाठी रीतसर परीक्षा होते. २०२५च्या जाहिरातीत ९० जागा होत्या, वयाची अट २० ते ३२, अर्जाचे ५०० रुपये आणि मानधन महिना ८० हजार. आधी पर्यायांचे प्रश्न, मग लेखी, मग मुलाखत. उच्च न्यायालयांच्या जाहिराती वेगळ्या. शिवाय काही न्यायमूर्ती थेट अर्ज बघूनही मुलं घेतात, असं आमच्या उमेदवाराने कुठूनतरी ऐकलेलं असतं. कुठले न्यायमूर्ती, ते त्याला माहीत नसतं. म्हणून तो सगळ्यांनाच लिहितो.

हा प्राणी पुण्यात लॉ कॉलेज रोडवर सापडतो, मुंबईत चर्चगेटला सापडतो, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांत तर मुबलक. ओळखायची खूण सोपी आहे. न्यायमूर्तींना तो नावाने ओळखत नाही, आद्याक्षरांनी ओळखतो. "डीवायसींचा तो डिसेंट वाचलात का काका?" असं तो मला भर लग्नात, जिलबीच्या ताटावर विचारतो. डीवायसी म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि डिसेंट म्हणजे बहुमताविरुद्ध नोंदवलेलं वेगळं मत. मी गेली कित्येक वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझे दिवस मुदतीचे अर्ज, गैरहजर साक्षीदार आणि बिघडलेली लिफ्ट यांत जातात. डिसेंट माझ्याकडे फक्त बायको नोंदवते.

घरात तो असह्य असतो. आई म्हणाली, "मावशीच्या मुलाला बघ, लागलासुद्धा नोकरीला," तर हा म्हणतो, "ती केस फॅक्ट्सवर वेगळी आहे." वांग्याची भाजी कालच झाली होती ही हरकत तो मुद्दावार मांडतो आणि आईने फेटाळली की तोंडातल्या तोंडात वेगळं मत नोंदवतो. बाबा रागाच्या भरात काही बोलले तर ते त्याच्या लेखी 'ओबिटर', म्हणजे बंधनकारक नाही. आईला वाटतं पोराला सर्दी झालीय, औषधाचं नाव घेतोय.

त्याची खरी कलाकृती म्हणजे सीव्ही. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटीच्या खटल्यात, उपांत्यपूर्व फेरीत हरलेला असेल तर 'क्वार्टरफायनलिस्ट' हे ठळक अक्षरात, आणि स्पर्धेत किती संघ होते याचा उल्लेख नाही. प्रसिद्ध झालेले निबंध तीन. त्यातले दोन, पैसे भरले की छापतात अशा मासिकांत. एका ज्येष्ठ वकिलांकडची इंटर्नशिप, जिच्यात त्याने महिनाभर झेरॉक्स काढल्या, ती 'घटनात्मक प्रश्नांवर संशोधन साहाय्य' होऊन बसते. खोटं काहीच नाही. झेरॉक्स घटनात्मक प्रश्नांचीच होती. पुढे हा मुलगा वकील झाला तर अशिलाची बाजू उत्तम मांडेल, याचा याहून चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

मग शिफारसपत्रं. रीत अशी की, प्राध्यापकांनी ती लिहायची असतात. प्रत्यक्षात सर म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." स्वतःची स्तुती स्वतःच्या हाताने, पण दुसऱ्याच्या आवाजात लिहायची ही परीक्षा फार कठीण. 'कुशाग्र' लिहावं तर जास्त होतं, 'मेहनती' लिहावं तर मठ्ठ वाटतं. रात्री दोनपर्यंत खल करून तो लिहितो, 'माझ्या अध्यापनाच्या वीस वर्षांत असा विद्यार्थी विरळा.' सर सही करतात, शिक्का मारतात आणि विचारतात, "बाळ, तुझं नाव काय रे?" त्याच आठवड्यात त्याच सरांच्या वीस वर्षांतले आणखी तीन विरळा विद्यार्थी त्याच चेंबर्सला अर्ज करतात.

अर्जासोबतचं पत्र हे याहून नाजूक प्रकरण. न्यायमूर्तींना लाच देता येत नाही, पण त्यांचा निकाल वाचलाय हे सांगता येतं. त्यामुळे तो प्रत्येकाचा एकेक निकाल शोधून काढतो आणि त्याने आपण कसे आमूलाग्र बदललो ते लिहितो. एकदा त्याने मला असं पत्र तपासायला आणून दिलं. भूसंपादनाच्या मोबदल्यावरचा व्याजदर नऊ टक्के की पंधरा, या निकालाने त्याच्या जीवनदृष्टीला कलाटणी मिळाली होती. मी म्हटलं, "अरे, जरा कमी कर." त्याने 'कलाटणी' काढून 'दिशा' घातलं.

बाबांचा मात्र या सगळ्याला ठाम विरोध. ते तालुक्याच्या कोर्टात वकील. त्यांचं म्हणणं, सनद घे, सकाळी साडेदहाला माझ्याबरोबर ये, शिरस्तेदाराशी दोन शब्द नीट बोलायला शीक, पुकारा झाला की उठून उभा राहा. फायली वाचून कुणी वकील होत नाही. न्यायाधीश ओरडला तरी उभा राहतो तो वकील. यावर चिरंजीव अमेरिकेला जातात, म्हणजे बोलण्यातून. १८८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी पदरच्या पैशांनी असा एक तरुण मदतनीस ठेवला, तिथून ही प्रथा तिथे रुजली. आज त्या न्यायालयातल्या नऊ न्यायमूर्तींपैकी सहा जण कधीकाळी तिथेच क्लार्क होते, सरन्यायाधीश रॉबर्ट्ससुद्धा. बाबा शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "आणि बाकीचे तिघं?" उलटतपासणीत मुरलेल्या माणसापुढे आकडे टाकू नयेत.

बापलेकांचा हा वाद निकाली निघाला तो थेट दिल्लीत. २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे. तालुक्याच्या बार रूममध्ये बाबांनी स्वखर्चाने सगळ्यांना चहा पाजला. "मी काय सांगत होतो, कोर्टात उभं राहिल्याशिवाय न्यायाधीश होता येत नाही, आता सर्वोच्च न्यायालयच म्हणतंय." संध्याकाळी घरी आले तर मुलगा निकालाची पूर्ण प्रत उघडून बसलेला. त्यात एक ओळ अशीही होती की न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेल्या कामाचा काळ या तीन वर्षांत धरला जाईल. बाबांनी ती दोनदा वाचली. "चहाचे पैसे गेले," एवढंच म्हणाले.

अर्ज गेले की मग वाट पाहण्याचा हंगाम. या काळात ०११ने सुरू होणारा कुठलाही फोन तो उभा राहून घेतो. "गुड आफ्टरनून सर!" पलीकडून क्रेडिट कार्डाची बाई बोलत असते आणि एवढ्या आदराने गांगरते. नकार आले तर निदान कळतं. बहुतेक ठिकाणांहून काहीच येत नाही. मग तो रूथ बेडर गिन्सबर्ग यांची कथा सांगायला लागतो. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना क्लार्क म्हणून घेतलं नाही, का तर बाई म्हणून. १९९३ मध्ये त्या स्वतःच त्या न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. कथा खरी आहे आणि मोठी आहे. फक्त आपल्या उमेदवाराला नाकारण्याचं कारण 'अर्जासोबत गुणपत्रिका जोडलेली नाही' हे होतं, तो तपशील कथेत येत नाही.

आणि अखेर एक बोलावणं येतं. उच्च न्यायालयातले एक न्यायमूर्ती, क्लार्कची जागा एकच. आठवडाभर घरात टीव्ही बंद. केशवानंद भारती खटल्याच्या १९७३च्या निकालातली तेराही न्यायमूर्तींची मतं, कोण कुठल्या मुद्द्यावर कुठल्या बाजूला, हे तो आंघोळ करतानाही म्हणत होता. आईला सात विरुद्ध सहा हे इतकं पाठ झालं, की तिने ते भिशीतही सांगितलं.

मुलाखतीत साहेबांनी केशवानंदाचं नाव काढलं नाही. समोरच्या कपाटातून एक फाइल काढली, मधलं पान उघडलं आणि म्हणाले, "हे जरा वाचून दाखवा."

तो एक सातबारा होता. पाठोपाठ फेरफाराची नोंद आणि हवालदाराच्या अक्षरातला पंचनामा. खालच्या कोर्टाची कागदपत्रं मराठीत असतात आणि अपिलाचा अर्धा जीव त्यातच असतो, हे ज्यांनी जमिनीची अपिलं चालवली आहेत त्यांना सांगायला नको. 'सदर इसम समक्ष विचारता', 'चतुःसीमा', 'इतर हक्क', असं करत गडी कसाबसा पुढे सरकला आणि एका शब्दापाशी थांबला. साहेबांनी विचारलं, "पोटखराबा म्हणजे काय?" पाच वर्षांचा कायदा, तीन निबंध आणि एक क्वार्टरफायनल पाठीशी असलेला हा मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, "सर, दुखापतीचं मेडिकल सर्टिफिकेट असावं."

लागवडीला निकामी असलेल्या जमिनीच्या तुकड्याला पोटखराबा म्हणतात, हे शाळा सोडलेला कुठलाही शेतकरी सांगेल. दोष त्याचा एकट्याचा नाही. पाच वर्षं आपण मुलांना इंग्रजीतून कायदा शिकवतो, परदेशी विद्यापीठांची नियतकालिकं वाचायला लावतो, आणि तलाठ्याचा एक कागद हातात देत नाही. मूट कोर्टातले वाद दोन काल्पनिक देशांमध्ये होतात. बांधावरून दोन सख्ख्या भावांमध्ये होणारा वाद अभ्यासक्रमाबाहेर. मला विचाराल तर लॉ कॉलेजमध्ये एक पूर्ण सत्र नुसतं पंचनामे वाचायला ठेवावं. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

ती जागा त्याला मिळाली नाही. घरी येऊन त्याने बाबांना पोटखराब्याचा किस्सा सांगितला. बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर फडताळातल्या जुन्या फायली निघायला लागल्या. कुळकायद्याच्या, वाटपाच्या, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीच्या. बाबा शिकवतात म्हणजे खेकसतात, "कब्जेदार सदरी कोणाचं नाव आहे ते आधी बघ रे, गाढवा!" पोरगा निमूट टिपून घेतो. अर्ज करणं थांबलेलं नाही. फक्त सीव्हीत आता 'महसुली अभिलेखांवर विशेष अभ्यास' अशी नवी ओळ आली आहे आणि ती, आश्चर्य म्हणजे, जशीच्या तशी खरी आहे.

ज्यांना क्लार्कशिप मिळते त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. ते बोलेनासे होतात. चेंबर्समधलं बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे हवापाण्याबद्दल विचारलं तरी ते दोन सेकंद थांबून उत्तर देतात. वर्षभराने बाहेर आले, की त्यांचं प्रत्येक वाक्य "जज साहेबांकडे असताना" इथून सुरू होतं. हेही दोनेक वर्षांत, पहिल्या दहा तारखा पडल्यावर, बरं होतं.

या मुलाची मी एवढी टिंगल केली, तरी एक कबूल केलं पाहिजे. कोर्टाच्या दुनियेत निकाल पूर्ण वाचणारा माणूस दुर्मीळ आहे. पक्षकार शेवटचं पान बघतो, आम्ही वकील वरची टिपणी बघतो, बातमीदाराला एक चटकदार परिच्छेद पुरतो. पहिल्या पानापासून तळटीपांपर्यंत सगळं वाचतो तो हाच, आणि अजून कुणी त्याला त्याचा एक रुपयाही दिलेला नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल तर कृपा करून त्याला "लागला का रे निकाल?" असं जिन्यात गाठून विचारू नका. त्याऐवजी बिल्डरने अडवून ठेवलेल्या कन्व्हेयन्सची, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची, फाइल त्याच्या हातात द्या. फुकट वाचेल, पूर्ण वाचेल, आणि सातबाऱ्यावर अजून जुन्या मालकाचंच नाव आहे हे तुमच्या सेक्रेटरीच्या आधी त्याच्या लक्षात येईल.