प्रिंटर हवाय? आधी चारित्र्य पडताळणी

न्यूयॉर्कमध्ये घरात थ्रीडी प्रिंटर आणायचा असेल, तर आधी तुमचा गुन्हेगारी इतिहास तपासावा, असं विधेयक क्वीन्सच्या आमदार जेनिफर राजकुमार यांनी २०२३मध्ये मांडलं आणि २०२५मध्ये पुन्हा मांडलं. तपासणीसाठी सरकारला १५ कामकाजाचे दिवस. घरच्या घरी बंदुका छापल्या जाऊ नयेत, हा हेतू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दुकानातून खरीखुरी बंदूक घेताना तपासणीचं उत्तर ३ कामकाजाच्या दिवसांत आलं नाही, तर दुकानदार ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवू शकतो. न्यूयॉर्कचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत, पण इतर बऱ्याच राज्यांत हाच कारभार चालतो. ज्याला फारच घाई आहे, त्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं ते स्वतः ठरवावं.

भीती अगदीच हवेतली नाही. २०१३च्या मे महिन्यात टेक्सासच्या कोडी विल्सनने जवळपास पूर्ण प्लास्टिकच्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर टाकला. ‘काढून टाका’ म्हणून सरकारचा आदेश येईपर्यंत लाखभर लोकांनी तो उतरवून घेतला होता. डिसेंबर २०२४मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावर एका आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला. त्या प्रकरणात सापडलेलं पिस्तूल छापलेलं असावं, असं पोलीस म्हणाले. तेव्हापासून लोक प्रिंटरकडे जास्तच संशयाने बघू लागले.

पण मौज पुढेच आहे. पिस्तुलात कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा सांगाडा. नंबर त्याच्यावर, नोंद त्याची, तपासणीही त्याच्यासाठी. ज्यातून गोळी सुटते ती नळी, वरची स्लाइड, स्प्रिंगा हे सगळे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने सुटे भाग. ते पोस्टाने घरपोच येतात, कोणी नावही विचारत नाही. हल्ली कारखान्यातल्या पिस्तुलांचे सांगाडेही सर्रास प्लास्टिकचेच असतात. म्हणजे घरच्या प्रिंटरला नीट जमेल असा जो भाग, नेमकं त्यालाच कायद्याने बंदूक ठरवून ठेवलंय. आता ही व्याख्या बदलून नळीवरही नंबर घालायचा, तर बंदूकवाल्यांशी भांडण घ्यावं लागेल. त्यापेक्षा प्रिंटरवाले बरे. त्यांची संघटना कोणाला निवडणुकीत पाडत नाही.

जानेवारी २०२६मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी राजकुमार यांच्या विधेयकाच्याही पुढचा प्रस्ताव आणला. प्रिंटरमध्येच अशी सोय हवी, की बंदूक छापायला घेतली की त्याने नकार द्यावा. अशी बंदूक बाळगणं न्यूयॉर्कमध्ये २०२१च्या कायद्यानेच गुन्हा आहे. पण माणूस कायदा ऐकत नाही, यंत्र ऐकेल, अशी आशा.

यावर हटकून दाखला मिळतो तो कलर झेरॉक्सचा. नोट ठेवली की यंत्र छापायला नकार देतं, मग प्रिंटरलाच का जमू नये? नोटेचं जमतं, कारण अनेक देशांच्या नोटांवर पाच बारीक वर्तुळांची ठरावीक नक्षी मुद्दाम छापलेली असते आणि यंत्र तीच शोधतं. बंदुकीचा आराखडा काढणारा माणूस तिच्या दस्त्यावर अशी वर्तुळं काढून देईल, असं कोणाला वाटत असेल तर त्याचा पत्ता मिळावा. मला एक जुनी स्कूटर विकायची आहे.

थ्रीडी प्रिंटरच्या हाती मुळात चित्र येतच नाही. संगणक आराखड्याचे पातळ थर पाडतो आणि यंत्राला हुकूम सोडतो: एक्स ४०, वाय १८, इतकं प्लास्टिक सोड, आता एक्स ४१. असे हजारो हुकूम. यातून गणपती होतोय, नळाची चकती होतेय की पिस्तुलाचा घोडा, हे त्याला विचारणं म्हणजे जिलब्या पाडणाऱ्या फडक्याला गोडीबद्दल विचारणं. तरी सक्ती झालीच, तर हे यंत्र पहिल्या दिवशी शाळेच्या प्रदर्शनातली दुर्बीण अडवेल. लांब नळी, खाली मूठ, हेतू संशयास्पद.

बरं, बंदुकीला प्रिंटर लागतोच असंही नाही. जपानचे बंदूक कायदे जगातल्या सर्वांत कडक कायद्यांत मोडतात. २०२२मध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर ज्यातून गोळ्या झाडल्या, ते हत्यार दोन धातूचे पाइप टेपने गुंडाळून घरीच केलेलं होतं. त्यानंतर टेपच्या रिळामागे आधार कार्ड लावा, असं तिथे कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि आपल्याकडे? चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. पुण्या-जळगावात गावठी पिस्तूल सापडलं की बातमीत हे नाव हमखास येतं. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय हत्यार बनवणं गुन्हा आहे, आणि तिथल्या कारागिरांना तो कायदा पोलिसांइतकाच पाठ असणार. प्रिंटर नाही, आराखड्याची फाइल नाही. भट्टी, हातोडा आणि कानस. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्या मोडल्या. होकलबाईंची युक्ती आधी कळली असती, तर एवढा फौजफाटा न्यावा लागला नसता. भात्याचं सॉफ्टवेअर पुण्यात बसूनच अपडेट करता आलं असतं.