गडग्यावरच्या गप्पा: झोपाळू नात

"काय हो वहिनी, परवा लेक दवाखान्यातून आली, पण बाळाचं रडणं म्हणून कानावर नाही!"

"दृष्ट लावू नका हो माई. इतकी शहाणी आहे पोर! पदराखाली घेतली की दोन मिनिटांत डोळे मिटते, आणि मग चार-चार, पाच-पाच तास उठायचं नाव नाही. विहीणबाई सगळ्यांना फोन करून सांगतायत, आमच्या घराण्यातली मुलं मुळात गरीबच म्हणून."

"घराण्याचं राहू दे. किती दिवसांची झाली?"

"उद्या पाचवी. पुरणाला डाळ आणायचीय अजून."

"आणि झाली दिवस भरून ना?"

"नाही हो. महिनाभर आधीच झाली. पण दिसायला अगदी पुरी."

"तिथेच सगळे फसतात. सदतीस आठवड्यांच्या आतलं बाळ दिसतं पुरं, पण दमतं लगेच. ओढायचा कंटाळा, म्हणून झोप. झोपलं की पोटात कमी जातं, कमी गेलं की अंगात जोर नाही, आणि जोर नाही म्हणून पुन्हा झोप. वॉर्डात उभा जन्म काढला मी. रडणाऱ्या पोरापाशी सगळे धावायचे, आणि निपचित असेल त्याचं कौतुक! सुतारांच्या धाकटीचं पोर रात्रभर आळी डोक्यावर घेतं म्हणून नावं ठेवता ना सगळ्याजणी? वजन बघा त्याचं, कसं भरलंय."

"त्या पोराचं नाव काढू नका. परवा रात्री ह्यांनी कानात कापूस घातला. पण माई, झोपलेलं बाळ उठवू नये म्हणतात ना?"

"पुढे म्हणा ते. आता नाही. वजन किती उतरलं?"

"दोन किलो सहाशे होती. घरी येताना दोन चारशेवीस."

"म्हणजे सात टक्के. एवढं उतरतंच पहिल्या दिवसांत, घाबरू नका. दहाकडे जायला लागलं तर मात्र डॉक्टर. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. तोवर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. दोन-अडीच तासांनी, फार तर तीन. आणि ते पाजून संपलं तिथून नाही मोजायचं, सुरुवात केली तिथून. लंगोट किती भिजतात?"

"जावई मोबाईलमध्ये लिहितात काहीतरी. काल तीन की चार म्हणाले."

"उद्या-परवापासून सहा तरी हवेत. शी काळ्याची हिरवट होऊन पिवळी व्हायला लागली पाहिजे. आणि दिवसाउजेडी खिडकीशी नेऊन डोळे बघा, पिवळे दिसतात का. काविळीनंही बाळ सुस्तावतं. पिवळी वाटली तर कोवळ्या उन्हात धरून घरी बसू नका, सरळ दाखवून या."

"बघते बाई. पण उठवायची कशी? सगळं करून झालं."

"अंगावर काय काय आहे तिच्या?"

"फार नाही. झबलं, टोपरं, दोन दुपटी, वर सासूबाईंच्या लुगड्याची गोधडी. आणि शेगडी असतेच खोलीत."

"अगं बाई! या उकाड्यात? इतकं गुंडाळून तुम्हाला कुणी मांडीवर घेतलं तर तुम्ही तरी जाग्या राहाल का? पाजताना लंगोटावर ठेवायची, आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी. पाठीवर एक दुपटं पुरे. शेगडी बाहेर काढा, धुरानं बाळंतिणीलाही त्रास. आणि तो लख्ख दिवा बंद करा, डोळ्यांवर उजेड आला की मिटूनच घेणार ती."

"विहीणबाईंना कळलं ना शेगडी काढली..."

"त्यांना मी सांगेन. पुढचं ऐका. पापण्यांखाली डोळे हलायला लागले, ओठ चाळवले, मूठ तोंडाकडे गेली की तेव्हाच घ्यायची. हात उचलून सोडला आणि धप्पकन पडला तर गाढ झोप, थोडं थांबा. घेतली की नुसतं टोक तोंडात नको, काळा भाग बराचसा आत गेला पाहिजे, नाहीतर चोखत चोखत झोपते. मग कान द्या. घोट गिळल्याचा आवाज येतो. तो थांबला की लेकीला म्हणावं, हातानं हलकेच दाब. दूध तोंडात आलं की पोर पुन्हा गिळते. तरी थंडावली, तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून सोडवा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट बदला आणि दुसऱ्या बाजूला लावा. पाठ चोळा, तळपाय कुरवाळा."

"कुरवाळून काय होतंय? ही टिचक्या मारायला सांगते."

"कोण?"

"आमची आतेजाऊ. आणि तोंडावर गार पाणी शिंपडायला."

"तिच्याच तोंडावर शिंपडा. टिचक्या नकोत आणि पाणीही नको."

"मधाचं बोट?"

"वर्षाच्या आत मध अजिबात नाही. जंतू असू शकतात त्यात, एवढ्याशा आतड्याला ते झेपत नाहीत. हे सगळं करूनही नाहीच प्यायली, तर लेकीनं दूध हातानं पिळून वाटीत काढायचं आणि चमच्यानं पाजायचं. जागी असतानाच हं, झोपेत ओतलं तर ठसका लागेल."

"काढलेलं दूध? विहीणबाई म्हणतील, त्यापेक्षा बाटली द्या."

"काढलेल्या दुधाला काय झालं? सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अर्मिडा फर्नांडिस बाईंनी १९८९ साली दुधाची बँकच काढली, आशियातली पहिली. दुसऱ्या आयांचं दूध इवल्या इवल्या पोरांना दिलं जातं तिथे. तुमच्या नातीला तर स्वतःच्या आईचं मिळणार. पितळेचं बोंडलं असेल ना घरात?"

"माळ्यावर आहे. माझ्या वेळचं."

"ते राहू दे माळ्यावरच, त्याच्या चोचीत काय काय अडकलं असेल. स्टीलची वाटी-चमचा उकळा. आणि एक ध्यानात ठेवा. उठवूनही उठेना, तोंडच लावेना, अंग गार लागलं किंवा तापलं, तर मला हाक मारत बसू नका. रिक्षा बोलवा आणि निघा."

"बाई बाई, पोटात गोळाच आणलात. आणि मी आपली उद्याच्या जागरणाच्या गडबडीत!"

"जागरण करा की. सटवाई नशीब लिहायला येईल तेव्हा घर जागं असायलाच हवं. त्यातच रात्रीची तीन-चार पाजणी उरका. लेकीला मात्र बायकांच्या घोळक्यात बसवू नका, मधल्या वेळात झोपू दे तिला."

"आणि विहीणबाईंना काय सांगू?"

"सांगा, वजन भरलं आणि डॉक्टर हो म्हणाले की झोपू दे पाच तास. तेव्हा खुशाल सांगा म्हणावं गावाला. आता जा, शेवटचं कधी पाजलं होतं?"

"नऊला."

"साडेअकरा झाले वहिनी! डाळ मी आणवते, तुम्ही आत जा."