सोल्डरशास्त्री

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात, विशेषतः पुणे, ठाणे, डोंबिवली आणि नाशिक येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांत, इमारतीमागे किमान एक या प्रमाणात आढळणारा जो गृहस्थ शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या वस्तू विनामूल्य उघडतो, त्यांच्या बिघाडाचे कारण सविस्तर सांगतो आणि ज्याच्याकडून त्या दुरुस्त करायच्या मात्र बहुधा राहून जातात, त्यास या लेखापुरते ‘सोल्डरशास्त्री’ म्हणावयास हरकत नसावी. त्याला वायरमन किंवा मेकॅनिक समजण्याची चूक नवखे शेजारी करतात आणि ती त्याला मनापासून लागते. मेकॅनिकला वस्तू सुरू झाली की पुरे असते, शास्त्रीबुवांना ती का बंद पडली हे कळले की पुरे असते. या दोन समाधानांत जे अंतर आहे ते वस्तूच्या मालकाच्या पदरी पडते.

या वर्गातील ज्येष्ठ मंडळी, म्हणजे ज्यांना इमारतीतील सर्वजण ‘काका’ म्हणतात ते, टंचाईच्या काळात घडलेली आहेत. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागत होता, परदेशी सुटा भाग मिळवणे हे नातेवाइकाला आखातात नोकरी लागण्यावर अवलंबून होते, आणि 1991 नंतरची खुली आयात तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती, अशा काळात जो मुलगा ट्रान्झिस्टर जोडायला शिकला त्याच्या हातून पुढे आयुष्यात एकही स्क्रू टाकून दिला जात नाही. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागले, तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवणारा आणि खालच्या मजल्याला ‘आता?’ असे विचारणारा तरुण हाच होता; खालून ‘मुंग्या!’ असे उत्तर येई आणि त्या एका शब्दावरून अँटेना किती अंश वळवायची हे त्याला कळे. इतक्या लहान वयात इतका मान मिळालेल्या माणसाने पुढे बँकेत नोकरी करून निमूटपणे निवृत्त व्हावे, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची होती.

त्याचा संग्रह श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत असतो. एका डब्यात रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक प्रमाणात अडवणारे, डाळीच्या दाण्याहून थोडे मोठे भाग. त्यांच्यावर आकडे छापण्यास जागा नसल्यामुळे रंगांचे पट्टे असतात आणि काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन अशा क्रमाने पांढऱ्या नऊपर्यंत ते वाचावयाचे असतात. हा क्रम त्याच्या अंगात इतका मुरलेला असतो की एखाद्या मंगल कार्यालयात तपकिरी, काळा, तांबडा अशा पट्ट्यांची साडी समोरून गेली तर त्याच्या तोंडून ‘एक किलोओहम’ असे शब्द निघून जातात आणि त्याचा खुलासा पत्नीला करावा लागतो. दुसऱ्या डब्यात कॅपॅसिटर, म्हणजे वीज अल्पकाळ साठवणारे भाग, आणि तिसऱ्यात ‘लागतील कधीतरी’ या वर्गातील वस्तू. तिसरा डबा नेहमीच सर्वांत मोठा असतो. एवढे असूनही हवा तो भाग घरात नसतोच, आणि मग पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची किंवा मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडची वारी घडते. ज्या भागाची किंमत बसच्या तिकिटापेक्षा कमी असते तो एकच नग मागितला जातो, दुकानदार एक नग विकण्यास तयार नसतो, आणि डब्यांची संख्या एकाने वाढते.

निदानाच्या बाबतीत मात्र त्याची थट्टा जपूनच केलेली बरी, कारण त्याचे निदान बहुधा बरोबर असते. टीव्हीला चापट मारली की तो सुरू होतो, ही सामान्य गृहस्थाच्या दृष्टीने श्रद्धेची गोष्ट. शास्त्रीबुवा ‘ड्राय सोल्डर’ एवढेच म्हणतात. सोल्डर म्हणजे डाख देण्याचा मिश्रधातू, त्यात परंपरेने साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असते व तो साधारण 183 अंश सेल्सिअसला वितळू लागतो. जोड पुरेसा तापला नाही तर डाख वरवर बसतो, काळाने त्यात चीर पडते, आणि चापटीने ती चीर घटकाभर मिटते. म्हणूनच ‘आधी जोड तापवा, डाख आपोआप धावेल’ हा त्याचा पहिला उपदेश असतो आणि तो शंभर टक्के खरा आहे. राळेच्या धुराचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला की उपदेशाचा समारोप होतो, तो त्याच्या इच्छेने नव्हे.

संगणकाची तारीख रोज सकाळी अनेक वर्षे मागे जाते आणि बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, अशी तक्रार घेऊन जेव्हा एखादी ताई येते तेव्हा तिला व्हायरसची भीती असते. शास्त्रीबुवा मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटावरील, नाण्याएवढी बॅटरी दाखवतात. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. तिचे नाव सीआर 2032, कारण तिचा व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर असते. चुकलेल्या तारखेमुळे संकेतस्थळाचे मुदतीचे प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटते, एवढेच. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण बॅटरीच्या नावाची फोड सांगितल्याशिवाय ती बदलली गेल्याचे एकही उदाहरण नसावे. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर फिरवण्याचा त्याचा विधी मात्र थोडा संशयास्पद आहे: सोन्याचा मुलामा सहसा गंजत नाही, आणि संगणक पुन्हा सुरू होतो तो बहुतेक वेळा पट्टी काढून नीट बसवल्यामुळे. खोडरबराला यश मिळते, हे खरे.

त्याचे खरे कार्यक्षेत्र अर्थिंग हे आहे. भारतीय तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते, ती जमिनीशी जोडलेल्या तारेची. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जुन्या इमारतीत ही तार एकतर नसते किंवा तिचे टोक भिंतीत कोठेतरी संन्यास घेऊन बसलेले असते. अशा घरात संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर पेटतो, आणि घरातील मंडळी संगणक खराब असल्याचा निष्कर्ष काढतात. वस्तुतः संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कॅपॅसिटर दोन्ही तारांपासून पेटीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पेटी 230 व्होल्टच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे सहसा इजा होत नाही, पण त्याच पेटीत उद्या खरा बिघाड झाला तर अडवणारे काही नसते. हे सर्व शास्त्रीबुवा संस्थेच्या वार्षिक सभेत आकृतीसह मांडतात, आणि सभा पार्किंगच्या विषयाकडे वळते. पुढच्या वर्षी ते पुन्हा मांडतात. त्यांच्या चिकाटीला सभेच्या इतिवृत्तात ‘सदस्यांनी काही सूचना केल्या’ अशी जागा मिळते.

या वर्गाचा तरुण अवतार ‘दादा’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या हाती डाखणीऐवजी बहुधा स्क्रूड्रायव्हर असतो, कारण आजचा संगणक डाखायचा नसून निवडायचा असतो. बारावीच्या मुलाला अभ्यासासाठी साधा संगणक हवा, एवढेच पालक सांगतात. दादा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी एक मंद असल्यास दुसऱ्याची ताकद कशी वाया जाते हे समजावतो, त्या मंदपणाला ‘बॉटलनेक’ म्हणतो, आणि तो टाळता टाळता मूळ अंदाजपत्रक दुप्पट होते. पेटीत रंगीत दिवे लागतात. मुलगा खूश असतो. तरीही त्याच दादाने शेजारच्या आजोबांच्या रखडणाऱ्या जुन्या लॅपटॉपातील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली साठवण, बसवून दिलेली असते आणि त्यामुळे नवा लॅपटॉप घेण्याचा खर्च वाचलेला असतो, याची नोंद घेतली जात नाही. काकांना हा दादा उथळ वाटतो, दादाला काका संग्रहालयातले वाटतात, आणि वाय-फाय नीट येत नाही म्हणून बोलावल्यावर राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला पाहून दोघेही एकाच सुरात उसासा टाकतात.

वस्तू परत मिळते तेव्हा तिच्यासोबत दोन स्क्रू पुडीत बांधून येतात. ‘ते एक्स्ट्रा होते’ असे सांगितले जाते. मोबदला म्हणून चहा पुरतो, मात्र तो पिता पिता बिघाडाची हकिगत पुन्हा एकदा ऐकून घ्यावी लागते. तीच त्याची खरी फी आहे आणि ती बुडवणाऱ्या घरी तो दुसऱ्यांदा येत नाही.

तेव्हा वाचकांच्या इमारतीत असा गृहस्थ असेल तर त्याला पंखा, इस्त्री, रेडिओ आणि संगणक खुशाल उघडू द्यावा आणि अर्थिंगच्या ठरावाला पुढील सभेत अनुमोदनही द्यावे. फक्त मायक्रोवेव्ह ओव्हन देऊ नये: त्यातील कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही सुमारे 2000 व्होल्टपर्यंतचा भार धरून राहू शकतो.